एजन्सीतली नोकरी घ्यावी का?

प्रश्न : बी.कॉम. झालेल्या माझ्या मुलीला पुण्यातल्या एका डिजिटल एजन्सीत नोकरी मिळते आहे. तिथे काम कसं असतं? – एक पालक, सातारा

उत्तर : घ्यायला हरकत नाही, पण काम समजून घ्या. एजन्सी तास विकते. त्यामुळे कुठल्या क्लायंटसाठी किती वेळ दिला, याची टाइमशीट बहुतेक ठिकाणी रोज भरावी लागते. एकाच दिवशी सकाळी सराफाची जाहिरात, दुपारी दवाखान्याची वेबसाइट आणि संध्याकाळी 'लोगो जरा मोठा करा' असा फोन! गणपती ते दिवाळी हा हंगाम. घरी सण असतो तेव्हा ऑफिसात धावपळ. शिकायला मात्र भरपूर मिळतं, कारण दोन वर्षांत अनेक धंदे आतून दिसतात. कॉमर्सची मुलगी जाहिरातीवरचा खर्च आणि त्यातून आलेली विक्री यांचा हिशेब चटकन मांडेल, ही तिची जमेची बाजू.

रुजू होण्याआधी गूगलच्या 'स्किलशॉप'वरचं गूगल अ‍ॅड्सचं प्रमाणपत्र तिने मिळवावं. ते मोफत आहे, वर्षभर चालतं. तिच्याकडे किती क्लायंट येतील, हे मुलाखतीतच विचारावं. मूळ गुणपत्रिका ठेवून घेत असतील, तर सरळ नकार द्या.