पेटीतला सोंगाडी

अण्णांच्या माघारी वाटण्या झाल्या, त्यात काचेच्या झाकणाची, ताटाएवढी फुलपाखरांची पेटी माझ्याकडे आली. दुसऱ्या कुणी ती मागितलीच नव्हती. अण्णा तरुणपणी सायकलला जाळं बांधून सोमेश्वर, पांडवलेणी, अंजनेरीपर्यंत जायचे. ती पेटी मी इतकी वर्षं ‘सांभाळतोय’.

१. फुलपाखरांची जागा भिंतीवर नाही. कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये मी पेटी अगदी खिडकीसमोर टांगली. सकाळचं ऊन पडलं की पाहुणे ‘वा!’ म्हणायचे. दोन वर्षांत पिवळी होती ती पांढुरकी झाली, भगवी होती ती शिळ्या चहासारखी. उन्हाने पैठणी विटते हे मला ठाऊक होतं. पंखही विटतात, हे डोक्यातच आलं नाही. आता पेटी कपाटात असते, पैठणीच्या शेजारी.

२. डांबरगोळी म्हणजे देखभाल नव्हे. एका फुलपाखराखाली कॉफीच्या भुकटीसारखी धूळ दिसली. फुंकर मारली, त्यात दोघांच्या मिशा मोडल्या. ती भुकटी म्हणजे बारीक भुंगेऱ्याच्या अळ्या सुकी धडं पोखरत असल्याची खूण होती. मी मूठभर डांबरगोळ्या टाकल्या. त्या पेटीच्या तळाच्या थर्माकोलला टेकल्या तिथे तो विरघळून खड्डे पडले. शेवटी पेटी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवली. ही मटाराच्या पिशव्या हलवत म्हणाली, “माणूस तेरा दिवसांत सुटतो, तुमच्या पाखरांना चौदा लागतात.”

३. श्रावणात पेटी उघडू नये. उघडलीत तर गणपतीपर्यंत पंखांवर बुरशी धरते. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या मी आता दागिन्यांसारख्या जपतो.

४. टाचणीवरचा कपटा फुलपाखराहून मोलाचा असतो. हे कळायला मला तो रद्दीत टाकावा लागला. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. देशात असं पहिल्यांदाच घडलं. आमच्या पेटीत ब्लू मॉर्मन होतं, त्यामुळे मला एकदम चेव आला. अण्णांच्या गंजक्या टाचण्यांवरचे पिवळे कपटे काढून टाकले आणि संगणकावर झोकदार अक्षरात नुसती नावं छापून लावली. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीबद्दल वाचताना उमगलं, की १८८३ पासूनच्या या संस्थेच्या संग्रहाचा जीव अशा कपट्यांतच आहे. कुठे सापडलं, कधी सापडलं, हे नसेल तर ते फुलपाखरू म्हणजे शोभेची वस्तू. झोकदार अक्षर तेवढं माझ्याकडे उरलं.

५. मला फुलपाखरं ओळखता येत नाहीत. हे सगळ्यात उशिरा कळलं. मी ‘प्लेन टायगर’ असं छापून लावलेल्या फुलपाखराकडे लेक बघत राहिली आणि म्हणाली, “बाबा, मागच्या पंखावर मधे तीन-चार काळे ठिपके हवेत. हिच्या वरच्या कडेला एकच आहे.” ती निघाली डॅनेड एगफ्लायची मादी. मारुतीला वाहतो त्या रुईवर प्लेन टायगरची अळी वाढते, रुईचं विष फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. ही बया बिनविषारी, पण हुबेहूब त्याचंच रूप घेऊन फिरते. पक्षी फसतात, मीही फसलो. वर लेकीने सांगितलं, की ही जात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. म्हणजे ही कायद्याआधीची की नंतरची? ते सांगणारा कपटा मीच रद्दीत दिला होता. अण्णांची वही शोधून काढली. सतराव्या क्रमांकापुढे एकच शब्द: ‘सोंगाडी’. तारीख नाही, ती कपट्यावर होती ना!

६. पेटीत भर घालायला जाळं लागत नाही. गेल्या वर्षी बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर अळ्या आल्या. फोडणीला पानं उरेनात, तरी हिने त्या झटकल्या नाहीत. एका सकाळी कोषाचं रिकामं टरफल मागे राहिलं. तेच पेटीत ठेवलं, आणि पेन्सिलीने कपटा लिहिला: ‘कॉमन मॉर्मन. घरची बाल्कनी, कॉलेज रोड, नाशिक. नर की मादी, पाहायचं राहिलं. दूध उतू जात होतं.’