मलबारचे उद्यान

केरळच्या किनाऱ्यावरील कोची हे बंदर मिऱ्यांच्या व्यापारामुळे दूरवरच्या देशांस ठाऊक होते. १६६३ साली ते डच लोकांच्या हाती आले. पुढे काही वर्षांनी हेंद्रिक व्हान रेडे हा डच अधिकारी मलबारचा कारभार पाहू लागला. इतर व्यापाऱ्यांचे लक्ष मिऱ्यांच्या गोण्यांवर असे. रेडेची दृष्टी मात्र तेथील रानावनांकडे वळली. तेथील वैद्य झाडपाल्याने रोग बरे करीत. ही विद्या चित्रांसह ग्रंथात उतरावी, असे त्याच्या मनाने घेतले.

परंतु झाड दिसले म्हणून त्याचा गुण कळत नाही. तो सांगणारा जाणकार हवा. इट्टी अच्युतन हे तेथील नामांकित वैद्य होते. त्यांच्या घराण्यात औषधींची माहिती ताडपत्रांवर पिढ्यान्‌पिढ्या जपलेली होती. ती त्यांनी मोकळ्या मनाने सांगितली. रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट हे तिघे कोकणी पंडितही साहाय्यास आले. त्यांच्या समाजाचे पूर्वज गोव्याहून कोचीस येऊन स्थायिक झाले होते.

मग कामाला आरंभ झाला. माणसे रानातून पाने, फुले, फळे व मुळे आणीत. चित्रकार ती हुबेहूब रेखाटीत. वैद्यांचे सांगणे मलयाळममधून पोर्तुगीज भाषेत आणि त्यानंतर लॅटिनमध्ये उतरविले जाई. चित्रे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून ॲम्स्टरडॅम येथे छापली गेली. १६७८ ते १६९३ या काळात ग्रंथाचे बारा खंड निघाले. त्यांत सातशेंहून अधिक चित्रे आहेत. अनेक चित्रांवर वनस्पतींची नावे मलयाळम, अरबी व नागरी लिपींतही कोरलेली आहेत. शेवटचा खंड पाहणे मात्र रेडेच्या नशिबी नव्हते. १६९१ साली सुरतेच्या वाटेवर समुद्रातच त्याचा अंत झाला.

‘होर्तुस मलबारिकस’, म्हणजे ‘मलबारचे उद्यान’, असे या ग्रंथाचे नाव. ज्यांनी विद्या दिली त्यांची नावे रेडेने लपविली नाहीत. अच्युतन वैद्यांचे व तिन्ही पंडितांचे १६७५ सालचे लेख त्यांच्याच भाषेत व लिपीत पहिल्या खंडात छापलेले आहेत. पुढे लिनियस या थोर शास्त्रज्ञाने भारतीय वनस्पतींना नावे देताना या ग्रंथाचा आधार घेतला.

एक उणीव मात्र राहिली. ज्यांच्या भूमीतून हे ज्ञान गेले, त्यांनाच लॅटिन वाचता येईना! केरळातील वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी ही उणीव दूर केली. त्यांनी अनेक वर्षे मलबारची राने धुंडाळून चित्रांतील वनस्पती पुन्हा शोधल्या आणि ग्रंथाचे भाषांतर केले. ते इंग्रजीत २००३ साली व मलयाळममध्ये २००८ साली प्रसिद्ध झाले. सुमारे सव्वातीनशे वर्षांनी ते ज्ञान आपल्या घरी परत आले.

वैद्याने विद्या झाकून ठेवली असती, तर ती कदाचित त्याच्याबरोबरच लोपली असती. ती वाटली, म्हणूनच ती टिकली.