बंदिस्त पालाश आणि मातीतील जिवाणू

रायपूर परिसरातील शेतकरी आपली जमीन उतारावरून ओळखतो. माथ्यावर मुरमाड तांबडी भाठा, तिच्याखाली पिवळसर मटासी, मग डोरसा आणि सखल भागात काळी कन्हार. पूर्व विदर्भातील वाचकांनाही कन्हार हा शब्द परका नाही.

भाताचे खोड बळकट होण्यास व पाण्याचा ताण सोसण्यास पालाश लागतो. जमिनीत तो असतोही. परंतु त्यातील ९० टक्क्यांहून अधिक भाग अभ्रक, फेल्डस्पार अशा खनिजांत बंदिस्त असतो. मुळांना तत्काळ मिळणारा वाटा जेमतेम १ ते २ टक्के. फ्रॅट्युरिया ऑरँशिया, बॅसिलस म्युसिलॅजिनोसस यांसारखे जिवाणू सेंद्रिय आम्ले स्रवून या खनिजांची झीज घडवितात व पालाश मोकळा करतात. पोटॅश खतांसाठी आपला देश जवळजवळ सर्वस्वी आयातीवर अवलंबून असल्याने, पीककर्जातून खत घेणाऱ्यास या जिवाणूंचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि एक भेद विक्रेते क्वचितच सांगतात. रायझोबियम हवेतील नत्र जमिनीत आणतो. पालाश मात्र हवेत नाही. जे खनिजांत आहे तेवढेच हे जिवाणू सोडवू शकतात. कन्हार जमिनीत त्यांना पुष्कळ काम असते. भाठा जमिनीतील पालाश युगानुयुगे धुपून गेलेला. तेथे जिवाणूंच्या भरवशावर पोटॅश बंद करणे म्हणजे रिकाम्या कणगीचे झाकण उघडणे होय. म्हणूनच आधी माती परीक्षण करून घ्यावे. १९८७ साली स्थापन झालेले रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय किंवा नजीकचे कृषी विज्ञान केंद्र येथे त्याविषयी मार्गदर्शन घेता येते.

वापर सोपा आहे. बियाण्यास बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावावे, जिवाणू सर्वांत शेवटी चोळावेत व बियाणे सावलीत सुकवावे. रोवणीच्या वेळी रोपांची मुळे जिवाणूंच्या द्रावणात सुमारे अर्धा तास बुडवूनही चालते. हे सजीव खत आहे; दुकानात उन्हात पडलेले वा मुदत उलटलेले पाकीट स्वस्तातही घेऊ नये.

भाताने उचललेल्या पालाशाचा मोठा हिस्सा दाण्यात नव्हे, पेंढ्यात साठतो. पेंढा विकला की तो शेताबाहेर जातो. जनावरांनी खाल्ला तर बहुतांशी त्यांच्या मूत्रात उतरतो. गोठ्याच्या जमिनीवर माती पसरून ते मुरवावे आणि ती माती शेणखतासोबत बांधीत टाकावी.