ग्रुपवरची शिवी आणि अमेरिकेचा दाखला

प्रश्न : गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने अनुसूचित जातीच्या सदस्याला जातीवरून शिवी टाकली. हटकल्यावर म्हणतो, "बोलायचं स्वातंत्र्य आहे, अमेरिकेत चालतं." गुन्हा होतो का? ॲडमिन अडकेल का?
– एक वाचक, वाटूर (जि. जालना)

उत्तर : अमेरिकेचा दाखला बराचसा खरा आहे. ओहायोतल्या ब्रँडेनबर्ग खटल्यात 1969 मध्ये कु क्लक्स क्लॅनच्या पुढाऱ्याची शिक्षा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. लगेच बेकायदा कृत्य घडावे म्हणून चिथावणी दिली आणि ते घडण्याची शक्यताही असली, तरच शिक्षा, असे ठरले. जर्मनीत मात्र एखाद्या समाजाविरुद्ध द्वेष भडकवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण वाटूरला ओहायोचा कायदा लागत नाही.

इथे राज्यघटनेच्या कलम 19(1)(अ) ने बोलण्याचा हक्क दिला आणि 19(2) ने त्याला वाजवी निर्बंधांची वेसणही घातली. 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्यातल्या कलम 3(1)(एस) प्रमाणे जातीवाचक शिवीगाळीला सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे. शिवी देणारा अनुसूचित जाती-जमातींबाहेरचा हवा आणि शिवी लोकांच्या नजरेसमोर दिलेली हवी. खरी रस्सीखेच या दुसऱ्या अटीवर होते. घराच्या फाटकाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशी शिवी या अटीत बसते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये म्हटले. चार भिंतींआड, बाहेरचे कुणी नसताना दिलेली बसत नाही, असे 2020 मध्ये.

मग ग्रुप म्हणजे चार भिंती की चावडी? घरच्याच चौघांचा असेल तर बचावाला जागा आहे. गावभरचे सदस्य असतील तर त्याला चावडीच म्हणावे लागेल. अर्थात निकाल न्यायालयाचा.

ॲडमिनने तूर्त घाबरू नये. गोंदियाच्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केले, की दुसऱ्याच्या मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. दोघांचे संगनमत दिसायला हवे.

तक्रार द्यायची तर नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये. मूळ मेसेज आणि तो आलेला फोन जपावा. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र पुढे लागते. "आधी चौकशी, मग गुन्हा" असे ठाण्यात सांगितले, तर ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम 18-अ दाखवावे. ती पूर्वचौकशी महाराष्ट्रातल्याच एका खटल्यामुळे मार्च 2018 मध्ये आली आणि त्याच वर्षी संसदेने ती काढून टाकली.