मागच्या स्पीकरांची खातरजमा

बर्लिओझचे ‘रेक्विएम’ 1837 मध्ये पॅरिसच्या लेझांव्हालिद येथील गिरजाघरात प्रथम गायिले गेले. त्यात ब्रासवाद्यांचे चार स्वतंत्र ताफे प्रमुख वृंदाच्या चार कोपऱ्यांस बसवावेत, अशी ताकीद संगीतकाराने स्वरलिपीतच देऊन ठेवलेली आहे. ज्या सुपर ऑडिओ सीडीच्या पुस्तिकेत यांपैकी दोन ताफे श्रोत्याच्या पाठीशी ठेवल्याचे स्वच्छ लिहिले होते, ती मी मोठ्या उत्कंठेने लावली. परंतु त्यातील ‘तुबा मिरुम’ या भागाचा क्षण आला तेव्हा मागून तुताऱ्यांचे प्रत्युत्तर येण्याऐवजी गायकवृंद, नगारे आणि तुताऱ्या यांचा एकच लगदा चहूंकडून कानांवर कोसळला.

रिसीव्हरच्या पाटीवर पाहिले, तो ‘पीसीएम 44.1’ अशी अक्षरे, आणि शेजारी ‘हॉल’. दुकानाच्या माणसांनी जोडणी करताना एकच ऑप्टिकल केबल लावली होती. या केबलमधून सुपर ऑडिओचा बहुचॅनेल ध्वनी जात नाही. जातो तो त्याच तबकडीवरील साध्या सीडीच्या थरातला दोन चॅनेलांचा, आणि त्यावर रिसीव्हर स्वतःचा बनावट अनुनाद चढवून मागचे स्पीकर बोलते करतो. तक्रार नेली तेव्हा “साहेब, आवाज मागून येतोय ना?” एवढीच कैफियत मिळाली. मला हे उत्तर आजही सलते. कारण अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ या सभागृहात, प्रेक्षागार भरलेले असताना, सुमारे दोन सेकंद रेंगाळणारा जो अनुनाद मुद्रणकाराने सायासाने टिपलेला असतो, त्यावर यंत्रातला हा ठोकळेबाज अनुनाद चढविणे म्हणजे त्या वास्तूलाच घराबाहेर ठेवणे होय.

म्हणून नवा सरंजाम घेणाऱ्याने जोडणी एचडीएमआय केबलने, अथवा प्लेअर व रिसीव्हर यांत सोय असल्यास सहा स्वतंत्र ॲनालॉग तारांनी, करवून घ्यावी. प्लेअरच्या मेनूत बहुचॅनेल थर निवडावा आणि रिसीव्हर ‘डायरेक्ट’वर ठेवावा. मग एखादी सिम्फनी लावून मागच्या स्पीकरापाशी कान न्यावा: तेथे बहुधा सभागृहाचा मंद निनादच ऐकू यावा; व्हायोलिने पुढच्याइतकीच ठसठशीत वाजत असतील तर दाल में काला आहे असे समजावे. नॉर्वेच्या ‘टूएल’सारख्या संस्थेची मुद्रणे मात्र या कसोटीस लावू नयेत, कारण तेथे वादकांना मायक्रोफोनांच्या सभोवती बसविण्याचीच वहिवाट आहे.

पुढचे दोन स्पीकर मध्यापासून तीस-तीस अंशांवर, मागचे एकशेदहाच्या आसपास, आणि सर्व कानांच्या उंचीवर असावेत. मागचे छताजवळ टांगू देऊ नयेत. सबवूफर गप्प राहिला तरी घाबरण्याचे कारण नाही. पुष्कळ अभिजात मुद्रणांत त्याचे चॅनेलच नसते. तसेच आर.सी.ए.च्या ‘लिव्हिंग स्टीरिओ’ मालेतील 1950 च्या दशकातली कित्येक मुद्रणे मूळ तीन मार्गांवर झालेली असल्याने त्यांच्या सुपर ऑडिओ तबकड्यांत मधल्यासह पुढचे तिघेच बोलतात. तेथे मागून आवाज यावा म्हणून ‘हॉल’चे बटण दाबू नये.