आमचा आयर्विन पूल

सांगलीला कृष्णा नदीवर दगडी कमानींचा मोठा पूल आहे. त्याचे नाव आयर्विन पूल. सांगली तेव्हा संस्थान होते. राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धन यांच्या कारकिर्दीत पूल झाला. 1929 साली तो खुला झाला. आयर्विन हे त्या वेळचे व्हाइसरॉय. नाव साहेबाचे, पण पूल आमचा!

आम्ही विश्रामबागची माणसे. पूल आमच्यापासून लांब, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तरी पावसाची झड लागली की आम्ही विचारतो, "आयर्विनला पाणी किती?"

पूल झाला तेव्हा रस्त्यावर बैलगाड्या आणि टांगे फार. पुढे मोटारी वाढल्या, पूल अपुरा पडू लागला. मग कुणी म्हणेल, "रुंद करा की!" पण घराला पडवी काढावी, तितके हे सोपे नाही. कमानीचे दगड एकमेकांना रेटून उभे असतात. वरचे ओझे कमानीतून खांबावर जाते आणि खांबातून पायात उतरते. जुने काम बसून घट्ट झालेले असते. शेजारी नवे काम जोडले, तर ते आपल्या वजनाने थोडे खचते. मग सांध्याला भेग पडू शकते. शिवाय पात्रात खांब वाढले की पाण्याची वाट अडते. रुंदीकरण होतच नाही असे नाही, पण फार जपून करावे लागते. सांगलीत जुन्या पुलाला समांतर असा वेगळा पूल बांधायचे ठरले.

काही म्हाताऱ्या माणसांना हे रुचले नाही. "आमच्या पुलाला काय झालंय?" असे ती विचारतात. त्यांची माया खरी आहे. पण 2016 च्या ऑगस्टात महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुराच्या रात्री कोसळला. दोन एस.टी. गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. जुन्या पुलावरचे ओझे हलके करणे हीही मायाच, असे आम्हांला वाटते.

आता पाण्याचे आकडे वाचू. ते फुटांत सांगतात. आयर्विनला 40 फूट म्हणजे इशारा. 45 फूट म्हणजे धोका. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. नदीकाठच्या माणसाने 40 हा आकडा वाचला, की गुरांची दावी सोडावी, धान्य माळ्यावर टाकावे आणि म्हाताऱ्यांना व पोरांना आधी बाहेर काढावे.