सॉफ्टवेअर घेतलं, पण स्टाफ वापरतच नाही?



बिलिंग सॉफ्टवेअर कसं निवडायचं ते व्हिडिओत पाहिलं. आता त्यापुढची अडचण. पैसे भरले, कॉम्प्युटर आला, आणि महिन्याभराने काउंटरवर पुन्हा तीच लाल वही! मालक लगेच निकाल देऊन मोकळा: "बायकांना कॉम्प्युटर जमत नाही."

थांबा. यावर नीट अभ्यास झालेला आहे.

१९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाने मांडलं, की नवीन तंत्र समोर आलं की माणूस दोन गोष्टी बघतो: याचा मला उपयोग किती, आणि हे वापरायला सोपं किती. पुढे २००० मध्ये विश्वनाथ वेंकटेश आणि मायकेल मॉरिस यांनी नवीन सॉफ्टवेअर मिळालेल्या ३४२ कर्मचाऱ्यांचा पाच महिने मागोवा घेतला. त्यात दिसलं, की वापरायचं की नाही हे ठरवताना पुरुषांवर 'उपयोग किती' याचा प्रभाव जास्त होता. स्त्रियांवर 'सोपं किती' याचा, आणि आजूबाजूची माणसं काय म्हणतात याचाही. हा दुसरा प्रभाव मात्र दिवस गेले तसा कमी होत गेला.

म्हणजे बघा, इथे कुणाला जमतं, कुणाला नाही हा मुद्दाच नाही. निर्णय घेताना कशाला जास्त वजन दिलं जातं, एवढाच फरक आहे. आणि तोही सरासरीचा! याच संशोधकांनी २००५ मध्ये वयाचाही विचार केला, तेव्हा हा फरक मोठ्या वयाच्या कर्मचाऱ्यांत ठळक निघाला. तरुणांत स्त्री-पुरुष जवळपास सारखेच. त्यामुळे तुमच्याकडच्या बावीस वर्षांच्या मुलीबद्दल आधीच काही ठरवून टाकू नका.

आता आपल्या दुकानात या. सॉफ्टवेअर विकणारा डेमोत काय सांगतो? वेळ वाचेल, हिशेब चुकणार नाही, जीएसटीचं काम सोपं होईल. सगळा उपयोगच उपयोग! आणि तोही मालकाचा. काउंटरवरच्या ताईंच्या डोक्यात वेगळाच प्रश्न असतो: समोर पाच गिऱ्हाइकं उभी आहेत आणि बिल चुकलं, तर करू काय? वहीत एक रेघ मारली की झालं. इथे कुठलं बटण दाबायचं? हे कुणी दाखवलेलंच नसतं. माझ्या मते बरीच सॉफ्टवेअर इथेच अडतात.

म्हणून शिकवताना पहिल्या दिवशी बिल बनवायला नाही, बिल रद्द करायला शिकवा. मुद्दाम चुकीची दहा बिलं करू द्या. हे दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना आणि कामाच्या वेळेतच करा. दुकान बंद झाल्यावर ट्रेनिंग ठेवलं, तर जिला घरी जाऊन स्वयंपाक करायचाय तिचं लक्ष घड्याळाकडेच राहणार ना!

अजून एक. रात्री गल्ला मोजताना तुम्हीच वही मागितलीत, तर स्टाफ काय समजायचं ते समजतो. हिशेब स्क्रीनवरच बघा.

पुढच्या भागात स्टॉकची एन्ट्री. तोपर्यंत बिल रद्द करायच्या पायऱ्या मराठीत लिहून काउंटरला चिकटवून ठेवा.